जर्मनीत आठ आठवडे परक्या घरी: कागदपत्रं, खाऊ आणि वागणं

सुरंगीचा वळेसर

नमस्कार. मी वेंगुर्ल्याची, वय १६, अकरावी सायन्स. गणपती आटोपले की सप्टेंबरअखेर आठ आठवड्यांसाठी जर्मनीला जातेय. तिथल्या एका कुटुंबात राहायचं, त्यांच्या मुलीबरोबर तिच्या शाळेत जायचं, मग मे महिन्यात ती आमच्याकडे येणार. पासपोर्ट आहे, १८ व्या वाढदिवसापर्यंतचा. व्हिसासाठी जुलैत मुंबईला जायचंय.

अडचण अशी की बाबा बोटीवर आहेत, डिसेंबरशिवाय उतरत नाहीत, आणि अर्जावर आईबाबा दोघांची सही लागते म्हणे. दुसरं, आजीने खाऊची यादी केलीय: खाजं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), अनारसे, घरचं तूप, सुकट, आंबापोळी, दोन नारळ. यातलं काय नेता येतं? आणि तिसरं, त्या घरात वागायचं कसं? माहितीपत्रकात "मोकळ्या मनाने वागा" एवढंच लिहिलंय, त्यावरून काहीच कळत नाही.

खाडीकाठ

आधी बाबांची सही, कारण वेळ तिलाच लागेल. अर्जदार १८ च्या आतला असला की शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, जर्मनीला तोच लागतो) आईवडील दोघांचीही संमती लागते. संमतीपत्राचा मसुदा आजच बाबांना मेल करा. बोट ज्या बंदराला लागणार असेल तिथे भारतीय वकिलात असली, तर कंपनीच्या एजंटामार्फत सही साक्षांकित करून मूळ कागद कुरियरने मागवता येतो. सोबत त्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची प्रत, तिच्यावरही सही. नुसती स्कॅन चालेल असं धरून बसू नका. व्हिसा केंद्राला आधी मेल करा, उत्तर छापून फाइलला लावा. कागद यायला महिना गेला तरी चालेल इतक्या लवकर सुरुवात हवी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ पर्यंतही लांबू शकतो.

आठ आठवडे म्हणजे ९० दिवसांच्या आत, त्यामुळे लहान मुदतीचा शेंगेन व्हिसाच पुरतो. १२ वर्षांवरच्यांना एरवी शुल्क ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. शिक्षणासाठी जाणाऱ्या शाळकरी मुलांना व्हिसाशुल्क माफ असतं, तेव्हा केंद्राला तेही विचार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्यात बसायला हवेत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि त्यात दोन पानं कोरी. बोटांचे ठसे द्यायचे असतात, म्हणून तुला स्वतः जावं लागेल.

नावाकडे नीट बघ. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी येतं, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव बहुतेक तुझ्या नावाच्याच रकान्यात असतं. तिकीट, विमा, शाळेचं निमंत्रणपत्र या सगळ्यांवर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं. तिकडच्या शाळेने मार्कलिस्ट बघून पत्र केलं की नाव उलटं होतं आणि खिडकीवर अडकतं. पत्र हाती आल्या आल्या स्पेलिंग एकेक अक्षर ताडून घे.

आणि जुलै म्हणजे कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. गाड्या सावकाश चालतात, दरड आली तर तासन्‌तास उभ्या राहतात. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर कोकणकन्येने पहाटे उतरून थेट केंद्रावर जायचा बेत नको. आदल्या दिवशी मुंबईत पोचा.

आगळवाली

गो बाय, आजीची यादी चांगली आहे, पण दोन वस्तू काढाव्याच लागतील.

तूप नाही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, घरचं असो की विकतचं. पेढे आणि खव्याचे मोदकही त्याचमुळे नकोत. सापडलं तर काढून घेतात, दंडही होऊ शकतो.

अनारसे तुपामुळे नाही, खसखशीमुळे मागे ठेव. गोव्याच्या मोपा विमानतळावरून किंवा मुंबईहून आखातात विमान बदलून जाणार असशील तर हे फार महत्त्वाचं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अमली पदार्थ धरतात आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेलेली आहेत. नुसतं विमान बदलायचं असलं तरी हा धोका घ्यायचा नाही. मालवणी मसाल्यातही काही घरांत खसखस भाजून घालतात. आजीला विचार, आणि घातली असेल तर तुझ्यापुरता किलोभर मसाला तिच्याशिवाय कुटून घ्या.

सुकट कायद्याने चालते, मासळीला माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे. तरी नेऊ नकोस. थंडीत ती घरं बंद असतात, वास पडद्यांत आणि कोटांत आठवडाभर राहतो. नारळ तर खुशाल चालतो: ताज्या फळांना रोपआरोग्याचा दाखला लागतो, पण अननस, नारळ, केळं, खजूर आणि दुरियन ही पाच त्यातून वगळलेली आहेत. मात्र दोन नारळांचं वजन बघता ती जागा आगळाला दे. सुकं खोबरं घालू नकोस, ते तेलकट असल्याने आपसूक तापून पेटू शकतं म्हणून विमानात घेत नाहीत.

उत्तम खाऊ म्हणजे खाजं. बेसन, गूळ, आलं. दूध नाही, मोडत नाही, महिनाभर टिकतं. आंबापोळी, फणसपोळी, भाजलेले काजू हेही बिनधास्त ने. पाकिटावर घटक इंग्रजीत छापलेले असले की कस्टमवाला लवकर सोडतो.

आगळ अर्ध्या लिटरच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत, गळ्याशी दोन बोटं रिकामी. झाकणाला टेप, वर दोन पिशव्या, आणि मोठ्या बॅगेत मधोमध कपड्यांत. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर द्रव नेता येत नाही. तिथे सोलकढी करायची तर दुकानात नारळाच्या दुधाचा ४०० मिलीचा डबा मिळतो. थंडीने त्यात वर चरबीचा थर धरलेला असतो, तसाच ओतलास तर गुठळ्या होतात. डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेव, हलव, मग तेवढंच कोमट पाणी घालून घोट. चार मोठे चमचे आगळ, ठेचलेला लसूण, मिरची. मीठ चाखूनच घाल, आगळात असतंच. आगळ पडल्यावर गरम करू नकोस, फुटते. आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको.

सुरंगीचा वळेसर

खूप आभार. तूप नाही म्हटल्यावर आजी गप्पच झाली, पण खाज्याची ऑर्डर दिली. जेवणाच्या सवयींचा एक फॉर्म आलाय, रविवारपर्यंत द्यायचाय. त्यात "नॉनव्हेज" असं लिहिलंय. बरोबर ना?

तांबडी माती

तो शब्द खोड. आपल्याकडे नॉनव्हेज म्हणजे मासे, कोंबडी, मटण, अंडी. तिथे त्यात डुक्कर आणि गाय दोन्ही आली, आणि सॉसेज बहुतेक डुकराचंच असतं. फॉर्ममध्ये सरळ लिही: मासे, चिकन, अंडी चालतात, गोमांस आणि डुकराचं मांस नको. सोमवार पाळत असशील तर तोही वार लिही. आधी लिहिलेलं असलं की कुणाला वाईट वाटत नाही. पान वाढल्यावर सांगितलं की मात्र दोन्हीकडे ओशाळं होतं.

आता सगळ्यांत जास्त पोरं कुठे अडकतात ते सांगतो: "नको" या शब्दावर. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, यजमान आग्रह करतो, तिसऱ्यांदा वाटी पुढे होते. जर्मन घरात तू "नाइन, डांके" म्हटलंस की भांडं पुढे सरकलं, परत येत नाही. त्यांच्या लेखी तुझा शब्द मानणं हाच आदर. म्हणून भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हण. आणि मान आडवी डोलवू नकोस, ती त्यांना नकार वाटते. तोंडाने "या" म्हण, म्हणजे जर्मनमध्ये हो.

संध्याकाळचं जेवण बहुतेक घरांत थंड असतं: पाव, चीज, काकडी, लोणची. याला आबेंडब्रोट म्हणतात. तुझ्यासाठी काही शिजवलं नाही म्हणजे दुर्लक्ष केलं असं नाही, गरम जेवण दुपारी झालेलं असतं. भात हवासा वाटला तर तसं सांग, आणि करायचीही तयारी दाखव.

न्हाणीघरात टबाबाहेर मोरी नसते. बादलीतून अंगावर पाणी घेतलंस तर ते जाणार कुठे? खालच्या मजल्याच्या छतात. आंघोळ टबातच, पडदा आत सोडून, आणि झाल्यावर काचेवरचं पाणी ओढून घ्यायचं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, तिथे ते कायम दगडच असेल. निमुळत्या बाटलीऐवजी रुंद तोंडाच्या डबीत ने आणि उशीवर स्वतःचा टॉवेल घाल.

खिडक्या सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं सताड उघडतात, बाहेर कितीही गारठा असो. गारवा लागतो म्हणून तुझ्या खोलीची बंद करून ठेवू नकोस. श्वासाचा, आंघोळीचा दमटपणा आत कोंडला की भिंतीला बुरशी धरते. आषाढात आपल्या कपाटातल्या चपलांना येते तीच.

रविवारी दुकानं बंद, शनिवारीच लागेल ते आणा, आणि रविवारी मोठा आवाज नको. बाटल्या फेकू नकोस: एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नयेत, तिकडे अशुभ मानतात.

आईला सांग, तुमच्यात साडेतीन तासांचं अंतर असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेचार. इथे रात्री आठ म्हणजे तिथे आधी साडेचार आणि नंतर साडेतीन. तेव्हाच फोन करावा, त्यांच्या जेवणाच्या वेळी नको.

पाणंद

शाळेबद्दल कुणी लिहिलं नाही. जर्मन शाळेत तोंडी सहभागाला गुण असतात. तू पाहुणी, तुला गुण नसतीलही, पण मान खाली घालून ऐकणारी मुलगी तिथे नम्र नाही, कंटाळलेली वाटते. तर्जनी वर करायची, नाव घेतलं की बसूनच बोलायचं. उभं राहायची गरज नाही. शिक्षकांना "हेर" किंवा "फ्राऊ" लावून आडनावाने हाक मारायची. घरात आईवडिलांना बहुधा नावानेच. संकोच वाटला तर पहिल्याच संध्याकाळी विचार, तुम्हाला काय म्हणू?

एक गोष्ट आईला आधीच माहीत असू दे: तिथे १६ व्या वर्षी बिअर आणि वाइन कायद्याने मिळते. तुला पाठवणाऱ्या संस्थेचा नियम वेगळा असू शकतो आणि तो मोडला तर परत पाठवतात. वर्गातली मुलं घेतील. तू रस मागितलास तर कुणी हसत नाही.

भेट म्हणून सावंतवाडीची गंजिफा ने. दशावतारी संचात १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा. वजन नगण्य, आणि भाषा अडली तरी खेळता येतं. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान वरचे. खालच्या पत्त्यांचा क्रम निम्म्या रंगांत एक्क्यापासून सुरू होतो आणि निम्म्यांत दहापासून, तिथेच नवखा गडबडतो. कुठला रंग कसा, ते एका कार्डावर लिहून ने. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो उतारी करतो, दिवेलागणीनंतर कृष्णाचा. नोव्हेंबरात तिकडे पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा बहुतेक डाव कृष्णाचेच होतील.