खिशात कंदी पेढा नको

तुम्ही म्हणता, साठीनंतर आणि त्यात मधुमेह, पहाटे उठून पळायची उमेदच राहत नाही. मी चौसष्टचा, साखर चौदा वर्षांची. साताऱ्यात राहतो, त्यामुळे यवतेश्वरचा घाट काही सुटत नाही. आधी घड्याळ बघून पळायचो आणि चिडचिड व्हायची. आता चढावर सरळ चालतो. पोरंटोरं पुढं जातात, जाऊ देत.

उमेद खरी गेली होती ती पोवई नाक्याजवळ हातपाय थरथरून घाम फुटला त्या दिवशी. रक्तातली साखर घसरून ६२! खिशात कंदी पेढा होता, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. आता ग्लुकोज पावडर ठेवतो. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम घ्यायची, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. लांब पळाल्यावर रात्री झोपेतही साखर घसरू शकते, म्हणून झोपण्याआधी बोटाला टोचतोच. गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. भीती कमी झाली तशी पहाटे जाग यायला लागली.

आणि हो, रोज तळपाय बघा. मला फोड आलेला कळत नाही, बायकोला दिसतो. मग बोलणीही बसतात.