मदत हवी आहे: दादाचं लिव्हर ट्रान्सप्लांट (हेपेटायटिस बी), पुढचा अंदाज कशावरून बांधतात?

नमस्कार. आम्ही डोंबिवलीचे. माझ्या मोठ्या भावाला, वय ४७, हेपेटायटिस बीमुळे सिरॉसिस झालाय, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललंय. ट्रान्सप्लांटच करावं लागेल असं सांगितलंय. झेडटीसीसीच्या (मृत डोनरचे अवयव वाटून देणारी संस्था) यादीत हॉस्पिटलमार्फत नाव लागलंय, पण तेवढं थांबता येईल असं वाटत नाही, म्हणून डोनर म्हणून माझ्या तपासण्या सुरू आहेत.

बी बहुतेक आईकडून आला, कारण नंतर आईही पॉझिटिव्ह निघाली. दादाची बीवरची गोळी, एन्टेकॅव्हिर, चालू होती, रिपोर्ट चांगले येत होते. मग आता बरं आहे म्हणून त्याने जवळजवळ वर्षभर गोळी घेतलीच नाही आणि घरात कोणाला सांगितलंही नाही. गणपतीत पाय सुजले, चप्पल काढली की पट्ट्याचा खळगा तसाच राहायचा. मग पोटात पाणी. गेल्या महिन्यात सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. वहिनीने घरी कागद पुढे ठेवला तर त्याला आडनावाचं शेवटचं अक्षर सुचेना. पेन धरून नुसता बसून राहिला. लिव्हरचा परिणाम मेंदूवर होतोय असं डॉक्टर म्हणाले. लॅक्टुलोज सुरू केल्यावर चार दिवसांत सही पूर्वीसारखी आली. तो कागद वहिनीने फाइलमध्ये लावून ठेवलाय.

आता प्रश्न. बिलिरुबिन (कावीळ) ४.८, आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) १.९, क्रिएटिनिन (किडनीचं) १.३, सोडियम १३०. पहिल्या ठिकाणी मेल्ड, म्हणजे लिव्हरचा आजार किती गंभीर आहे याचा स्कोअर, २२ लिहिला. दुसऱ्या मताला गेलो तिथे त्याच रिपोर्टवरून २६. एक डॉक्टर म्हणाले नव्वद टक्के चान्स आहे, दुसरे म्हणाले आत्ताच आकडा सांगणार नाही. त्यात भाच्याने नेटवर वाचलं की बीच्या पेशंटमध्ये नव्या लिव्हरलाही व्हायरस धरतो. रात्री मला फोन करून म्हणाला, आत्या, मग तू कशाला देतेस? मला उत्तर देता आलं नाही.

मला द्यायचंच आहे, त्याबद्दल मनात शंका नाही. फक्त दादाचं पुढे काय होईल हे डॉक्टर नक्की कशावरून ठरवतात आणि आम्ही त्यांना काय विचारावं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, माझ्या मिस्टरांचं ट्रान्सप्लांट हेपेटायटिस सीमुळे झालं, त्यामुळे या आकड्यांशी झटापट करून झाली आहे. आधी २२ आणि २६ बद्दल. दादांची तब्येत त्या दोन भेटींमध्ये बिघडलेली नाही. मूळ मेल्डमध्ये बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन एवढंच येतं. दुसऱ्यांनी त्यात सोडियमही धरलंय. १३० म्हणजे कमी, म्हणून स्कोअर वर गेला.

आणि ऑपरेशननंतरचं मेल्ड सांगतच नाही. ट्रान्सप्लांट झालं नाही तर पुढच्या तीन महिन्यांत जिवाला धोका किती, हे त्यावरून कळतं. म्हणून अमेरिकेत २००२ पासून यादीतला क्रम त्यावर लावायला लागले. ऑपरेशननंतर माणूस कसा राहील हे किडनी, अंगातलं मांस किती उरलंय, इन्फेक्शन आहे का, डोनरचं वय आणि लिव्हर कसं आहे, अशा बऱ्याच गोष्टींवर जातं. आमचे सर्जन मिस्टरांना खुर्चीतून हात न टेकता उठायला लावायचे. तेव्हा मला राग यायचा, नंतर समजलं की ती ताकदीची परीक्षा होती.

भाच्याला सांगा, लेख कुठल्या वर्षाचा आहे ते आधी बघ. पूर्वी, प्रतिबंधक औषधं नव्हती तेव्हा, बी साधारण ८० टक्के लोकांत परत यायचा. आता इम्युनोग्लोब्युलिन (बीविरुद्धच्या अँटीबॉडीचं इंजेक्शन) आणि एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर मिळून हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आहे. सीचंही तसंच. रक्तात व्हायरस असताना ट्रान्सप्लांट केलं की तो नव्या लिव्हरमध्ये जवळजवळ हमखास यायचा. २०१३ नंतर सोफोसबुव्हिरसारखी औषधं आली आणि मिस्टरांचा सी ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी गेला. जुन्या आकड्यांवरून आजच्या पेशंटचा अंदाज बांधू नका.

प्रतिसाद २

वरच्या ताईंनी नीट सांगितलंय. बीमध्ये एक गोष्ट मात्र विचाराच: एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातला बीचा व्हायरस, आत्ता किती आहे? ऑपरेशनच्या वेळी तो जितका कमी, तितकी परत येण्याची भीती कमी. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ नाही ना, हेही स्पष्ट विचारा, गाठ असेल तर सगळा हिशोब बदलतो. नव्वद टक्के म्हणजे एका वर्षाचे की पाच वर्षांचे, आणि त्यांच्याच हॉस्पिटलच्या जिवंत डोनरच्या केसेसचे का, हेही विचारा.

आणि तुमच्याबद्दल. तुमच्या लिव्हरचा भाग त्यांना पुरेल का हे सीटी स्कॅनवर मोजतात. साधारणपणे पेशंटच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी लागतो. वजन पोटातलं पाणी वगळून धरायचं. ७० किलो असतील तर ५६० ग्रॅम. तुमच्याकडे किती उरतंय हा आकडाही तितकाच महत्त्वाचा, तो लाजू नका, मागून घ्या.

सगळ्यात मोठा धोका मला त्या बंद केलेल्या गोळीचा वाटतो. ट्रान्सप्लांटनंतर टॅक्रोलिमस (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणूनची गोळी) वेळेवर, बीची गोळी जन्मभर. त्यांनी का सोडली, हे कोणीतरी न रागावता विचारायला हवं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डीएनए फाइलमध्ये सापडला. आता त्याला टेनोफोव्हिर सुरू केलंय, त्याआधीचा आहे, नंतरचा केलेलाच नाही. उद्याच सांगते करायला.

गोळीचं काल रात्री विचारलं, वहिनी स्वयंपाकघरात होती तेव्हा. म्हणाला, रोज सकाळी ती गोळी हातात घेतली की आपण आजारी आहोत हे आठवायचं. दहा वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. सरकारी कार्यक्रमात बीची औषधं फुकट मिळतात हेही त्याला माहीत नव्हतं, पण कारण पैशांचं नव्हतंच.

गुरुवारी दहाची अपॉइंटमेंट आहे. तिथे समुपदेशक असतात का तेही विचारणार आहे. आणखी काही विचारायला हवं असेल तर बुधवारी रात्रीपर्यंत लिहा, कागदावर उतरवून नेते.