मदत हवी आहे: पोलो जीटीला कोणत्या लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणाऱ्या)?

मंडळी, गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. रोज पुण्याचं ट्रॅफिक, अधूनमधून ताम्हिणी घाट. वळणावर गाडीचं कलणं कमी करायचंय. रुबाब वाढला तर उत्तमच. आयबाख की एच अँड आर, स्प्रिंगच्या या दोन ब्रँडमध्ये अडकलोय. २५-३० मिमीपेक्षा जास्त खाली नको, आमच्या सोसायटीसमोरचा स्पीडब्रेकर म्हणजे छोटा सिंहगड आहे! खरा प्रश्न शॉक ॲब्सॉर्बरचा. कंपनीचेच ठेवले तर कडक स्प्रिंगची उसळी ते आवरतात का, की लवकर गळायला लागतात? बंपस्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे ठोकळे) कापावे लागले का? मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असताना टायर घासतो का? स्वतः बसवलेल्यांनीच सांगा, आणि नंतर चाकांची अलाइनमेंट नीट जमली का तेही.