विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी ठेवून अधिवेशन कसलं?

झेडपीची_लेक
डिसेंबर २०२५ चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन ८ तारखेला सुरू झालं नि १४ ला आटोपलं. विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही, विधान परिषदेतही नाही. विधानसभेतली खुर्ची २०२४ च्या निकालापासून रिकामी. परिषदेत अंबादास दानवे होते, त्यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. विधानसभेतल्या पदासाठी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने भास्कर जाधवांचं नाव मार्च २०२५ मध्येच दिलं होतं. निर्णय नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

मी अंशतः अनुदानित शाळेत शिकवते. पूर्ण पगारासाठी हिवाळ्यात नागपूरला मोर्चात जाते. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, पुढे पोलिसांनी अडवलं की रस्त्यावरच बसायचं, मग पाच जणांच्या शिष्टमंडळाला पास मिळण्याची वाट बघायची. एका वर्षी त्या पाचांत मी होते. आधी मंत्र्यांच्या दालनात गेलो. तिथल्या माणसाने निवेदन घेतलं, शिक्का मारला, पोच दिली. दोन मिनिटांत बाहेर. तिथून विरोधी पक्षनेत्यांच्या दालनात. तिथल्या एका वयस्क सहायकाने आम्हाला बसवलं, कागद पुढे ओढला आणि विचारलं, "ताई, शाळा किती, शिक्षक किती, शेवटचा जीआर कोणत्या तारखेचा?" आमच्या निवेदनात जीआरची तारीख चुकली होती. ती त्यांनी पेन्सिलने दुरुस्त केली. दोन दिवसांनी आमचे आकडे, ती दुरुस्त तारीख, सगळं सभागृहात बोललं गेलं. मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागलं. पगार लगेच वाढला नाही, पण ते उत्तर कामकाजात छापलेलं आहे आणि पुढच्या प्रत्येक निवेदनाला आम्ही ते जोडतो.

हे दालन, तो कर्मचारीवर्ग, अंतिम आठवडा प्रस्तावावर (अधिवेशनाच्या शेवटी विरोधकांनी मांडायच्या चर्चेत) सरकारला धारेवर धरायचा मान, सगळं त्या पदाबरोबर येतं.

नियमाप्रमाणे
ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण पद भावनेवर मिळत नाही. त्यासाठी पक्षाचे निदान १० टक्के आमदार हवेत. २८८ च्या सभागृहात १० टक्के म्हणजे २९. ठाकरेंच्या शिवसेनेचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे १०. एकालाही २९ गाठता आले नाहीत. २०१४ ला लोकसभेत काँग्रेस ४४ वर थांबली, तेव्हाही पद मिळालं नव्हतं. लोकांनी ज्यांना इतकं कमी दिलं, त्यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा अध्यक्षांनी का द्यावा?

आणि या पदाचा आपल्याकडचा इतिहासही बघा. २०१४ ला एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले आणि महिनाभरात सरकारमध्ये गेले. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये त्याच पदावरून उठले आणि मंत्री झाले. अजित पवार जुलै २०२३ मध्ये थेट उपमुख्यमंत्री. ज्या खुर्चीवरून माणसं उठून समोरच्या बाकावर जातात, ती रिकामी राहिली म्हणून एवढं दुःख का करायचं?

अलिबागकर_जुना
१० टक्के कुठल्या कायद्यात आहे ते दाखवा. महाराष्ट्राचा विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९७८ चा. त्यात लिहिलंय की विरोधातला सर्वांत जास्त संख्येचा पक्ष, त्याचा नेता, आणि त्याला अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता. टक्केवारीचा शब्द नाही. एक-दशांश हा आकडा गणपूर्तीचा, म्हणजे बैठकीसाठी लागणाऱ्या किमान हजेरीचा. लोकसभेत पहिले अध्यक्ष मावळणकरांच्या काळात पक्षाला मान्यता देण्यासाठी तो धरला गेला.

आमच्या रायगडातली माणसं हे विसरणार नाहीत. १९६२ ला शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) १५ आमदार होते, सभागृह २६४ चं. म्हणजे सहा टक्केसुद्धा नाहीत. तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९७२ ला शेकापचे सात आले, काँग्रेसचे २२२. तेव्हा दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते होते. २२२ जण पाठीशी असलेल्या सरकारला सात जणांच्या नेत्याला मान द्यायला कमीपणा वाटला नाही. मग आज २० जणांच्या पक्षाला का अडवायचं? दिल्लीत २०१५ ला भाजपचे ७० पैकी तीन होते, तरी विजेंद्र गुप्तांना मान्यता मिळाली. तो निर्णय योग्यच होता.

नियमाप्रमाणे
दादा, धुळप आणि दि. बां.चा काळ १९७८ च्या कायद्याआधीचा. तेव्हा तो प्रथेचा मान होता. आता पगार, गाडी, कर्मचारी कायद्याने द्यावे लागतात, म्हणून मान्यतेचा निकष कडक असायला हवा. कायदा अध्यक्षांच्या मान्यतेवर सोडतो, हे तुम्हीच लिहिलंत. मग त्यांचा अधिकारही मान्य करा.

अलिबागकर_जुना
अधिकार मान्य आहे. पण अधिकार म्हणजे कागद दाबून ठेवणं नव्हे. मान्यता नाकारायची तर नाकारा, कारण लिहून द्या, लोक वाचतील. महिनोन्‌महिने उत्तरच न देणं हा निर्णय होत नाही. याच सभागृहाने फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत अध्यक्षाविना दिवस काढले, नाना पटोले गेल्यापासून राहुल नार्वेकर येईपर्यंत. तेव्हा सत्तेत आताचे विरोधक होते. त्यांचंही चुकलंच होतं. पदं टांगून ठेवायची ही सवय दोन्हीकडची आहे, आणि ती मोडायला कोणीतरी सुरुवात करायला हवी.

गॅलरीतून
माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. बारा वर्षं पत्रकार कक्षात बसून अधिवेशनं बघितली. मला खुर्चीपेक्षा दिवसांची काळजी जास्त वाटते. संविधानाचं कलम १७४ एवढंच सांगतं की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. किती दिवस बसायचं ते सांगत नाही, आणि सगळी सरकारं त्याचा फायदा घेतात. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं की सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला यायचं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे घ्यायचं. आता आठवडाभर येतात. सात दिवसांत शोकप्रस्ताव, पुरवणी मागण्या, विधेयकं, आणि विदर्भाच्या प्रश्नांना शेवटच्या दिवशी संध्याकाळी वेळ मिळतो. तेव्हा समोरची अर्धी बाकं मोकळी असतात. कापसाच्या भावावर बोलणारा आमदार कागद बाजूला ठेवून नुसता थांबलेला मी पाहिलाय, कारण उत्तर द्यायचे ते मंत्री सभागृहात नव्हते.

विरोधकांनाही सांगायला हवं. चहापानावर बहिष्कार, पायऱ्यांवर घोषणा, मग सभात्याग. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) पुकारला जातो तेव्हा तो विचारणारा आत नसतो.

झेडपीची_लेक
सर, दिवस कमी आहेत हे शंभर टक्के मान्य. पण सभागृहाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीत अधिवेशन वाढवा म्हणून हट्ट कोण धरणार? तीन पक्षांचे तीन गटनेते तीन सुरांत बोलतात. एका माणसाला सगळ्यांच्या वतीने बोलायचा मान असेल, तर त्याला नकार देणं सरकारला जड जातं. सभात्यागाचंही तेच. मान्यताप्राप्त नेता असेल तर 'कधी बाहेर जायचं, कधी बसून लढायचं' हे ठरवायला एक जागा राहते.

नियमाप्रमाणे दादा, तुम्ही म्हणालात माणसं उठून समोर जातात. गेली, आणि तो राग मलाही आहे. पण तो राग त्या माणसांवर काढा. शिक्षक शाळा सोडून गेला म्हणून वर्गावर शिक्षकच द्यायचा नाही, असं आम्ही करत नाही.

अजून एक. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत विधानसभेतला विरोधी पक्षनेता आहे. कायदा करणाऱ्यांनी तिथेच लिहून ठेवलंय की असा नेता मान्य झालेला नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता तोच समजावा. म्हणजे संख्या कमी पडेल, हे त्यांना २००५ मध्येच सुचलं होतं.

नियमाप्रमाणे
कलम १५ चा मुद्दा मला माहीत नव्हता. तो वजनदार आहे. तरी माझं म्हणणं एवढंच की आपल्या १९७८ च्या कायद्यातही तशीच ओळ घाला, दुरुस्ती विधेयक आणा. अध्यक्षांच्या मर्जीवर ठेवाल तर प्रत्येक पाच वर्षांनी हाच वाद होईल.

झेडपीची_लेक
दुरुस्ती आली तर मी पहिली सही करीन. पण ती येईपर्यंत मान्यता द्यायला आजचा कायदा आडवा येत नाही, हेही तुम्ही मान्य करा.

या डिसेंबरला आमचं शिष्टमंडळ पुन्हा आत गेलं. मंत्र्यांकडे शिक्का मिळाला. पुढे तीन गटनेत्यांना निवेदनाच्या तीन प्रती द्यायच्या होत्या, दोनच भेटले. तिसरी प्रत माझ्या पर्समध्ये घडी घालून परत आली.