एप्रिलमध्ये अंबाझरीवर जलरंग: आकाशाचा वॉश अर्ध्यातच वाळतो

प्रश्न: नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी रंगवायला बसलं की मन शांत होतं. पण एप्रिलमध्ये आकाशाच्या वॉशमध्ये (पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या सलग थरात) कडक रेघा उमटतात. काय करावं?

उत्तर: भाऊ, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कॉटन कागद घ्या. दोन्ही बाजूंनी ओला करून अॅक्रिलिकच्या पाटीवर चिकटवा; खालच्या ओलाव्यामुळे वॉश उशिरा वाळतो. रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, मध्ये थांबलात की रेघ पडलीच. वाळत आलेल्या भागावर पुन्हा ब्रश नको.

दुसरं उत्तर: सकाळी सहालाच बसा. कागद सावलीत ठेवा. उन्हात रंग फिके भासतात, म्हणून आपण गडद करत जातो आणि घरी चित्र काळवंडलेलं दिसतं.

प्रश्नकर्ता: रंग उशिरा वाळावा म्हणून पाण्यात ग्लिसरीन चालेल?

उत्तर: कपभर पाण्यात दोन-तीन थेंब. जास्त झालं तर चित्र चिकट राहतं.