पिल्लाचे वय आणि लसीकरण
कुत्र्याचे पिल्लू जितके लहान आणावे तितका लळा अधिक लागतो, म्हणून महिन्याभराचेच आणावे, असे काही जण सुचवतात. त्याच्याशी मी सहमत नाही. चाव्याचा जोर आवरणे पिल्लू आई आणि भावंडांशी खेळतानाच शिकते, म्हणून आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत त्याला त्यांच्यापासून तोडू नये. श्वानपैदाशीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसारही त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. शक्य असल्यास पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी, आणि विक्रेता ती दाखवण्यास टाळाटाळ करत असेल तर तेथून पिल्लू घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

लसीकरणाबाबत विशेष दक्षता हवी. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (रोगांशी लढणारी प्रथिने) सुरुवातीच्या लसींचा परिणाम रोखू शकतात, त्यामुळे पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या घातक विषाणूजन्य आजारांवरील लसींच्या मात्रा साधारण सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने द्याव्या लागतात. रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात दिली जाते. या सर्व मात्रा पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये. मात्र याच काळात त्याची भीड चेपत असल्याने त्याला कडेवर घेऊन माणसे, वाहने आणि आवाज यांची ओळख जरूर करून द्यावी.