साने गुरुजींच्या भिंतीवर नारळ

बोरीकाठ:
अमळनेरहून पारोळ्याकडे जाताना आमचं गाव लागतं. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर साने गुरुजींचं मोठं चित्र काढायचं ठरलं. वर्गणी झाली, पेंटर ठरला. तो म्हणाला, "दादा, फोटो पाठवा." गावाच्या ग्रुपवर अठरा फोटो आले आणि अठराच्या अठरा एकाच प्रसंगाचे. आईनं दगडावर पदर पसरलाय, पोरगं त्यावर ओले पाय ठेवतंय. परवा पेंटरनं काम सुरू केलं. मागे समुद्र, कौलारू घर, नारळाची सहा झाडं. आमच्याकडे नारळ दिसतो तो मारुतीपुढे फोडायला आणलेला, तेवढाच.

माझं म्हणणं सरळ आहे. हे चित्र पालगडच्या पांडुरंगाचं आहे, अमळनेरच्या गुरुजींचं नाही. २४ डिसेंबर १८९९ ला जन्म कोकणात, मान्य. पण १९२३ साली हा माणूस तत्त्वज्ञान मंदिरात आला, १९२४ पासून इथल्या हायस्कुलात शिकवू लागला आणि १९३० ला सत्याग्रहासाठी नोकरी सोडली तीही इथूनच. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा मैला वाहायचं काम यांनी केलं. १९३८ ला अमळनेरातून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं, आणि शेतकऱ्यांचा शेतसारा माफ करा म्हणून आपल्याच पक्षाच्या सरकारशी भांडले.

त्या साप्ताहिकाचे दोन अंक आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत निघाले. टाचणीचा गंज पार चौथ्या पानापर्यंत उतरलाय, घडीवर बोट लागलं की कागद पापडासारखा मोडतो. वाचता आलं तेवढ्यात कुठे डोळ्यात पाणी नाही. सारा, कापूस, गिरणी, हेच. मग आपण या माणसाला ऐंशी-नव्वद वर्षं आईच्या पदरावरच का उभं करून ठेवलंय?

आबा मास्तर:
बोरीकाठ, तुमच्या तळमळीला नमस्कार. पण तुम्ही एकाच माणसाचे दोन तुकडे करताय. आई वेगळी आणि मोर्चा वेगळा, असं त्यांच्यात काही नव्हतंच. 'श्यामची आई' १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. तोवर शाळेच्या छात्रालयातली वर्षं पाठीशी होती. खोल्या झाडायच्या, आजारी पोराच्या उशाशी बसायचं, रोज हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचं. या पोरांची आई लांब खेड्यात, म्हणून मास्तरच आई झाला. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. पोराचं अंथरूण उचलणारा मास्तर एकदा तरी पाहिला असता, तर तुम्ही त्याला रडका म्हटलं नसतं.

बोरीकाठ:
आबा, रडका मी कुठे म्हटलं? रडका आपण केला त्यांना. दर डिसेंबरला कथाकथन स्पर्धा, पोरं माईकपुढे हुंदके देतात, परीक्षक हुंदक्याला मार्क देतात. फैजपूरच्या झाडूला कोण मार्क देतं?

मुक्ता (धुळे):
तुम्ही दोघंही पदर धरून बसलात म्हणून विचारते, तो पदर नंतर धुतला कोणी? घरावर कर्ज, वसुलीला आलेला माणूस दारात वाटेल ते बोलतो, आणि त्या बाईनं सोसत सोसत मरायचं. त्यावर आपण चार पिढ्या हात जोडतोय. माझ्या लेकीला शाळेत हा धडा झाला, तर घरी येऊन म्हणाली, "मम्मी, तिला राग का नाही येत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भिंतीवर तेच चित्र काढलंत, तर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पोरीला आपण सांगणार, बाई, तू पसर.

आबा मास्तर:
ताई, राग येतो हो तिला. नवऱ्यासमोर बोलते, सावकाराच्या माणसाला उत्तरही देते. पुस्तक पुन्हा एकदा वाचा. आपल्या डोक्यात आहे तो सिनेमा.

मुक्ता (धुळे):
सिनेमाही अत्र्यांनी काढलेला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला, आबा. त्याला नावं ठेवू नका. पण बरं, वाचते पुन्हा. मत बदलेल असं मात्र धरून चालू नका.

सातपुडा:
भाऊ, माले तं काहीच पटनं नही. भिंत खानदेशची, वर्गणी खानदेशची, मग माणूस कोकणातून कशाला? आपल्याकडे कमी आहेत का? आंबापाणीला १८५८ साली इंग्रजांशी लढलेला खाज्या नाईक आहे. नंदुरबारचा शिरीषकुमार आहे, ९ सप्टेंबर १९४२ ला गोळ्या झेलल्या तेव्हा सोळाही पुरे नव्हते. असोद्याच्या बहिणाबाई आहेत. खाज्या नाईकाचं चित्र मला एका तरी शाळेच्या भिंतीवर दाखवा, मग गुरुजींवर बोलू.

बोरीकाठ:
खाज्या नाईकाबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूनं. त्यांच्यासाठी दुसरी भिंत रंगवू, पहिली वर्गणी माझी लिहा. पण 'बाहेरचा' हा मुद्दा नको, दादा. इतिहासाचार्य राजवाड्यांचा जन्म कोकणातलाच, वरसईचा. डिसेंबर १९२६ मध्ये देह ठेवला धुळ्यात, आणि त्यांचे कागद सांभाळायला संशोधन मंडळ काढलं तेही धुळ्यानं. विनोबा आपले नाहीत, पण गीतेवरची प्रवचनं झाली १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात, आणि ती उतरवून घेणारे हात गुरुजींचे. इथे जो राबला तो इथला. जन्मदाखल्यावर माणसं मोजायला बसलो तर आपल्याकडचे निम्मे भाऊबंद सुरतेत निघतील.

लळिंगकर:
इतका वेळ वाचत होतो. सगळे आईवर, साऱ्यावर, नारळावर बोलताय. पंढरपूरचं नाव अजून कोणी काढलं नाही. १ मे ते १० मे १९४७, विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषण. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा. तिकडे गांधीजींच्या कानावर भलतंच घातलं गेलं, त्यांनी उपोषण सोडा असं कळवलं, तरी हे हटले नाहीत. एवढं करणारा माणूस मऊ नव्हता, हे कबूल.

आता दुसरी बाजू. बाबासाहेबांनी काळारामाचा सत्याग्रह पाच वर्षं करून पाहिला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे पंढरपूरचं दार उघडलं तेव्हा आमची माणसं त्या दारापासून बारा वर्षं पुढे गेली होती. दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर या, बाबासाहेब तिथे मुक्कामी होते म्हणून गर्दी होते. त्या गर्दीत गुरुजींबद्दल विचारा. लोक आदरानं बोलतील, पण पुढे म्हणतील, ते उपोषण सवर्णांसाठी होतं. बडव्यांचं मन वळवायचं होतं, आमचं नाही.

आबा मास्तर:
लळिंगकर, तुमचं वाक्य उलटं करून वाचलं तर ते मला गुरुजींचं कौतुक वाटतं. ज्याच्या घरात चूक असते त्यानंच घरच्यांपुढे उपाशी बसावं. त्यांनी दलितांना उपदेश केला नाही, आपल्या लोकांची लाज काढली.

लळिंगकर:
कौतुकच आहे, आबा. फक्त त्याला आमची मुक्ती म्हणू नका. त्यांच्या लोकांचं प्रायश्चित्त म्हणा, मी टाळी देतो. आणि प्रायश्चित्त अर्धंच राहिलंय. गावातल्या पाणवठ्याचं मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मुक्ता (धुळे):
लळिंगकर दादांना +१. शेवटाबद्दलही कोणी बोलत नाही. ११ जून १९५० ला गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. स्वातंत्र्याला तीन वर्षंही झाली नव्हती, 'साधना' साप्ताहिक सुरू करून दोनही नाही. भाषणात आपण 'निधन' म्हणतो आणि पुढच्या वाक्यावर उडी मारतो. इतकं लागत होतं त्यांना. मग त्या लागण्याचं काय झालं, हे कधीतरी शाळेत बोलायला नको?

आबा मास्तर:
बोलायला हवं, ताई. मी शिकवायचो तेव्हा मीही उडीच मारायचो.

बोरीकाठ:
थोडा वेळ थांबून लिहितोय. लळिंगकर, तुमचा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. फैजपूरचा झाडू काढा म्हणत होतो, तर तो झाडू त्याआधी कोणाच्या हातात पिढ्यान् पिढ्या होता, हे चित्रात कसं दाखवायचं? गुरुजी एकटेच झाडताना काढले, तर पुन्हा एकाचा देव होणार. शेजारी दोन माणसं हवीत, त्यांच्याच उंचीची.

सातपुडा:
आता बरं बोललात. आणि त्यातल्या एकाच्या खांद्याला तीरकमान द्या, मी रंगाचे पैसे देतो.

बोरीकाठ:
दादा, तीरकमान दुसऱ्या भिंतीवर, शब्द दिलाय. रविवारी शाळा समितीची बैठक झाली. सरपंचांना आई हवी, मुख्याध्यापकांना 'खरा तो एकची धर्म'च्या ओळी हव्यात, मला झाडू हवा. दीड तास गेला, चहा दोनदा झाला. शेवटी आई डाव्या कोपऱ्यात लहान, मधे झाडू घेतलेली तीन माणसं, ओळी खाली, असं ठरलं. मुक्ताताई, पदर काढून टाकलाय, आई नुसती उभी आहे आणि समोर बघतेय.

राहिला समुद्र. त्यावर पेंटर चुना मारणार, म्हणजे कापसाचं शेत होईल. नारळ पुसायला मात्र तयार नाही, दोन दिवस गेलेत म्हणतो त्यात. काल संध्याकाळी शिडीवरूनच ओरडला, "दादा, झावळ्या जरा रुंद करून खाली वाकवतो, खोड आखूड करतो, केळी होऊन जाईल. ज्यादा पैसे नको."